नाव घेणार नाही

माजलगावच्या कोर्टात राधाकिशन शेजूळ वकिलांइतका गुपित राखणारा माणूस दुसरा नाही, असं सगळीकडे बोललं जाई. बोलत कोण होतं, तर स्वतः राधाकिशन शेजूळ वकील. सकाळी बाररूममध्ये, दुपारी कँटीनला, संध्याकाळी कोर्टाच्या आवारात लिंबाखालची टेबलं आवरताना आणि घरी गेल्यावर बायकोसमोर, असं दिवसातून चार वेळा तरी ते हे सांगत.

"पक्षकारानं सांगितलेली गोष्ट आपल्या पोटात जाते," ते म्हणत. "ती आपल्याबरोबर सरणावरच जायची. उदाहरणार्थ सांगतो. नाव घेणार नाही. पण आपल्या गावातले एक कापडवाले आहेत. दुमजली दुकान. पोरगा पुण्याला. बायको संधिवातानं आजारी. त्यांनी मला काय सांगितलं असेल?"

आणि मग काय सांगितलं ते सगळं सांगत. परळीच्या दुसऱ्या बिऱ्हाडासकट. शेवटी हात झटकून विचारत, "पण मी नाव घेतलं का? नाही घेतलं. याला म्हणतात गुप्तता."

आता सांगा, माजलगावात नाव लागतं कुणाला? इथं पोस्टमन पाकिटावरचं नाव वाचत नाही, नुसतं "हा, त्यो मोंढ्याच्या बाजारातला बारका" म्हणून घर गाठतो. तालुक्याच्या गावात माणसाचं वर्णन केलं की झालं, नाव हे फक्त रेशनकार्डावर लिहायला असतं. पण शेजूळ वकिलांना हे कुणी सांगितलं नाही. कशाला सांगावं? ऐकायला मजा येत होती.

तीस वर्षं वकिली झाल्यावर वकिलांना पुस्तक लिहायची हुक्की आली. नाव ठरलं 'वकिलीची एकवीस सूत्रे'. साक्ष कशी घ्यावी, पक्षकाराशी कसं बोलावं, कागदावर सही कशी करून घ्यावी, असं सगळं नव्या वकिलांच्या कल्याणासाठी. नव्या वकिलांनी ते मागितलं नव्हतं, पण कल्याण काय कुणी मागून होतं का!

याच सुमारास सलीम मिस्त्रीचा दावा त्यांच्याकडे आला.

सलीम मिस्त्री म्हणजे बसस्टँडच्या मागं ट्रॅक्टरचे डिझेल पंप दुरुस्त करणारा. वय पंचावन्नच्या पुढं, मेंदी लावून तांबडी केलेली दाढी, हात कायम काळे. अठ्ठावीस वर्षं एकाच भाड्याच्या दुकानात बसलेला. दुकानाचे मालक बजरंगशेठ. बसस्टँडसमोरचा रस्ता चारपदरी झाला, तशी शेठना त्या जागेत लॉज दिसायला लागली. त्यांनी सलीमवर दावा लावला आणि सोबत एक कागद जोडला. त्यावर लिहिलेलं, 'मी दुकानाचा हक्क राजीखुशीनं सोडला असून दिवाळीपर्यंत ताबा देईन.' खाली सही सलीमची.

"सही तुझीच आहे का रे मिस्त्री?" शेजूळ वकिलांनी विचारलं.

"माझीच हाय."

"मग झालंच की! कागद वाचला नव्हतास?"

सलीम इकडंतिकडं बघायला लागला. लिंबाखाली वकिलांची टेबलं हाताहातावर. एका टेबलावरचा घटस्फोट दुसऱ्या टेबलावरच्या वाटणीपत्रात ऐकू येतो अशी परिस्थिती. सलीमनं वकिलांना दंडाला धरलं आणि पाण्याच्या टाकीमागं नेलं. तिथंही एकदा मागं बघितलं आणि वकिलांच्या कानाला लागून म्हणाला, "वकीलसाब, मला वाचता येत न्हाई."

शेजूळ वकील उडालेच. हा सलीम रोज सकाळी चहाच्या टपरीवर पेपर पसरून बसलेला त्यांनी स्वतः बघितलेला. नाकावर चष्मा. मान हलवून "काय होनार बे ह्या जिल्ह्याचं!" म्हणायचा, आणि सगळी टपरी बातम्यांवर तुटून पडायची.

"तेच तर," सलीम म्हणाला. "मी 'काय होनार' म्हटलं की बाकीचे सगळं वाचून दाखवत्यात. मला आकडे येत्यात. सही येती, ती चित्र काढल्यावानी गिरवून शिकलो. बाकी काय बी न्हाई. चष्म्याची काच बी साधी हाय."

"आणि हा कागद?"

"बजरंगशेठ म्हणले, लाइटच्या नव्या मीटरचा अर्ज हाय. कर सही. केली."

शेजूळ वकिलांच्या डोळ्यांत चमक आली. "अरे येड्या, मग हेच सांगू की कोर्टात! वाचता येत नाही, शेठनं फसवून सही घेतली. दावा इथंच मेला."

"न्हाई." सलीमनं वकिलांचा दंड पुन्हा धरला. "वकीलसाब, हे कुनाला सांगायचं न्हाई. गौसियाला तर मी मेलो तरी न्हाई."

गौसिया म्हणजे त्याची बायको. सातवी शिकलेली. तिच्या बापानं अट घातलेली की जावई पोरीइतका तरी शिकलेला पाहिजे. सलीमच्या मामानं ठोकून दिलं, आमचा पोरगा बी सातवी पास. त्या एका वाक्यावर बत्तीस वर्षं संसार चाललेला. गौसिया सामानाची चिठ्ठी लिहून द्यायची, सलीम ती तशीच किराणावाल्याच्या हातात ठेवायचा. जिरे राहिले की किराणावाल्याला दोघं मिळून शिव्या घालायची.

"दुकान गेलं तर दुसरीकडं बसंन. माझे हात हायेत," सलीम म्हणाला. "पर ती चारचौघीत सांगती, आमचे हे रोज पेपर वाचत्यात. असं सांगताना तिचं तोंड बघा तुमी एकदा. ते गेलं तर मी कुठून आनू?"

शेजूळ वकिलांनी छातीवर हात ठेवला. "सलीमभाई, हे आता माझ्या पोटात गेलं. सरणावरच जाणार."

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांच्या मनात तसंच होतं. माणूस वाईट नव्हता हो. पोटच तेवढं फुटकं होतं.

त्यांनी सलीमच्या साक्षीचं शपथपत्र केलं. त्यात 'सही फसवून घेतली' एवढंच मोघम लिहिलं, कशी फसवली ते काही लिहिता येईना. बजरंगशेठनं तर आपल्या साक्षीत शपथेवर ठणकावून सांगितलं होतं, "सलीमनं चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि मगच सही केली." आता सोमवारी सलीमची उलटतपासणी होती. शेठच्या बाजूनं अंगद तौर वकील. तोंडानं फटकळ, पण कामात वाकबगार. दावा हातचा जाणार हे लिंबाखालच्या कुत्र्यालाही कळत होतं.

त्याआधीच्या शुक्रवारी वकील संघानं बाररूममध्ये शेजूळ वकिलांचं व्याख्यान ठेवलं. म्हणजे शेजूळ वकिलांनीच ठेवायला लावलं. विषय 'पक्षकाराची गुप्तता'. कचोरी आणि चहा होता, त्यामुळे गर्दी बरी होती. अंगद तौर दुसऱ्या रांगेत, दोन कचोऱ्या घेऊन बसलेले.

वकील रंगात आले. कापडवाले झाले. गढीवरच्या कुणा जाऊबाईची गोष्ट झाली. टाळ्या पडल्या. टाळी वाजली की शेजूळ वकिलांना आवरणं हे पुढं कुणाच्याच हातात नसे, त्यांच्या स्वतःच्या तर मुळीच नाही.

"आणखी एक ताजं उदाहरण देतो," ते म्हणाले. "नाव घेणार नाही. पण माझा एक पक्षकार आहे. रोज सकाळी टपरीवर पेपर उघडून बसतो, चष्मा लावून! आणि गड्याला एक अक्षर वाचता येत नाही!"

बाररूम हसली. त्यांची ज्युनिअर तेजश्री कोपऱ्यात उभी होती. तिनं घाईनं चिठ्ठी लिहिली, 'सर, समोर तौर सर बसलेत,' आणि पुढं सरकवली. शेजूळ वकिलांनी चिठ्ठी वाचली, हसले आणि म्हणाले, "प्रश्न शेवटी घेऊ."

"बायकोलासुद्धा माहीत नाही," ते पुढं म्हणाले. "बत्तीस वर्षं! बसस्टँडच्या मागं हातात पाना घेऊन बसतो, दाढीला मेंदी लावतो, आणि पोटात एवढं गुपित. ते त्यानं फक्त मला सांगितलं. का? कारण विश्वास! आणि मी नाव घेतलं का?"

"नाही!" सगळी बाररूम ओरडली. अंगद तौर सगळ्यात मोठ्यानं ओरडले.

सोमवारी सलीमचा पुकारा झाला. पिंजऱ्यात उभा राहिला तो धुतलेला पायजमा आणि खिशाला चष्मा अशा थाटात. शेवटच्या बाकावर गौसिया डबा घेऊन बसलेली. नवऱ्याची साक्ष म्हणजे तिला अप्रूप.

अंगद तौर उठले. इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. शपथपत्र सलीमच्या हातात दिलं. "यावर सही तुमची?"

"हो."

"वाचून केली?"

सलीमनं शेजूळ वकिलांकडं बघितलं. शेजूळ वकील फायलीत काहीतरी शोधत होते. फायलीत काही नव्हतं.

"बरं, तिसरा परिच्छेद वाचून दाखवा. मोठ्यानं."

सलीमनं चष्मा काढला. लावला. कागद जवळ घेतला, लांब धरला. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "वाचा की. काय अडचण आहे?"

सलीमची मान खाली गेली. मग त्यानं ती वर केली आणि शेवटच्या बाकाकडं बघितलं. तिथंच बघत म्हणाला, "मॅडम, मला वाचता येत न्हाई."

गौसिया जागची हलली नाही. डबा मांडीवर तसाच.

इथं अंगद तौरनं खाली बसायला पाहिजे होतं. शपथपत्र न वाचता सही केलेलं ठरलं, काम झालं होतं. पण जिंकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. ते बजरंगशेठकडं बघून हसले आणि म्हणाले, "म्हणजे न वाचता सही करायची तुम्हाला सवयच आहे, असं म्हणा की!"

"हाय ना साहेब," सलीम म्हणाला. आता त्याला लपवायला काहीच उरलं नव्हतं. "शेठच्या कागदावर बी तशीच केली. शेठ म्हणले, लाइटच्या मीटरचा अर्ज हाय. मी कुठं वाचनार?"

न्यायाधीश बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. मागची पानं उलटली. "वादी शपथेवर सांगतात, यांनी कागद दोनदा वाचला. चष्मा लावून." बाईंनी हात पुढं केला. "तो चष्मा द्या इकडं." त्यांनी तो डोळ्याला लावून बघितला, काढला आणि बजरंगशेठकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

दावा तिथंच मेला. निकाल महिन्याभरानं आला, पण बजरंगशेठचा चेहरा त्याच दिवशी वाचता येत होता. तो वाचायला सातवी लागत नव्हती.

व्हरांड्यात शेजूळ वकिलांनी सलीमला मिठीच मारली. "जिंकलास! दुकान राहिलं!"

सलीमनं त्यांचे हात हळूच बाजूला केले. अंगद तौर बाजूनं जाताना चिडून बोलून गेले होते, तुझ्याच वकिलानं शुक्रवारी कचोरीबरोबर वाढलं सगळ्यांना. सलीम म्हणाला, "मी तुमच्या कानात सांगितलं व्हतं, वकीलसाब."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आत कोर्टात शेवटच्या बाकावर डबा होता आणि गौसिया निघून गेली होती. सलीमनं डबा उचलला आणि तोही गेला. शेजूळ वकिलांना मनातून वाईट वाटलं, साधारण जेवणापर्यंत.

जेवणानंतर त्यांना सुचलं की हे सगळं आपण मुद्दामच केलं होतं. शत्रूच्या कानावर घातलं, शत्रू बरोबर जाळ्यात आला! संध्याकाळपर्यंत त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास बसला. आठवड्याभरात लिंबाखाली सगळ्यांना पाठ झालं. तेजश्री एकदा म्हणाली, "सर, मी चिठ्ठी दिली होती." वकील म्हणाले, "ती चिठ्ठी वाचूनच तर मी पुढचं बोललो!"

निकाल लागला आणि पुस्तकही छापून आलं. पाचशे प्रती. पान सतरावर, सूत्र पहिलं, गुप्तता, याच्याखाली सलीमची सगळी कथा होती. मेंदीची दाढी, टपरीवरचा पेपर, साधी काच, बत्तीस वर्षं. नाव नव्हतं. प्रकाशनाला अंबाजोगाईचे एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश यायचे होते. रविवार ठरला, पत्रिका वाटल्या, मंडपवाल्याला सांगितलं.

त्याआधीच्या सोमवारी न्यायाधीशांचा फोन आला.

"शेजूळ, पुस्तक वाचलं. पान सतरावरचा माणूस सलीम मिस्त्री ना?"

"नाव कुठं घेतलंय साहेब!"

"मी माजलगावला असताना माझी जीप तोच दुरुस्त करायचा. मी अंबाजोगाईत बसून ओळखला, तिथं गावाला काय वेळ लागणार? कोर्टात त्यानं जेवढं सांगितलं तेवढं उघड झालं. बायकोचं, सोयरिकीचं त्यानं कोर्टात सांगितलं होतं का? ते त्यानं वकील म्हणून तुम्हाला सांगितलं. त्याची लेखी संमती घ्या, नाहीतर मी काही येणार नाही. आणि वकील परिषदेला कुणी अर्ज दिला तर सनद जाईल, तेही बघा."

वकिलांनी पुस्तक पुढं ओढलं. पान सतरा फाडून टाकावं म्हटलं, तर त्याच पानाच्या मागच्या बाजूला पतसंस्थेच्या चेअरमनचा फोटो आणि शुभेच्छा. छपाईचा खर्च चेअरमननी केलेला. चेअरमनना फाडून टाकायची माजलगावात कुणाची छाती होती?

मग संमतीपत्र करणं आलं. आणि गंमत बघा, त्यात नाव घालावंच लागलं. 'मी, सलीम मिस्त्री, राहणार माजलगाव, पान सतरावरील इसम मीच असून...' असं शेजूळ वकिलांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. पुस्तकाची एक प्रत आधीच सलीमकडं पाठवून दिली होती, खूश होईल म्हणून. कागद घेऊन ते बसस्टँडमागं गेले.

दुकानाच्या शटरवर खडूनं अक्षरं काढलेली होती. क, ख, ग, घ. समोर स्टुलावर सलीम, चष्म्याला आता खऱ्या काचा. बाजूला गौसिया, हातात पंपाची एक पितळी नळी, तीच छडी. गावात सगळ्यांना माहीत होतं की कोर्टातून आल्यावर ती तीन आठवडे नवऱ्याशी बोलली नव्हती. चौथ्या आठवड्यात बोलली ती एवढंच, "बत्तीस वरीस मी जिऱ्यासाठी त्या बिचाऱ्या किराणावाल्याला शिव्या घालत व्हते. बसा खाली. म्हणा, क."

"भाभी, सलाम," शेजूळ वकील म्हणाले. "मिस्त्री, एक छोटी सही हवी होती."

सलीमनं कागद घेतला. उलटा होता, सुलटा केला. बघत राहिला.

"ठेवून जावा," तो म्हणाला. "वाचून करतो."

"अरे रविवारी कार्यक्रम आहे! भाभी, तुम्हीच वाचून दाखवा ना पटकन."

गौसियानं नळी खाली ठेवली. पदराआडून पुस्तक काढलं. कडा मुडपलेल्या, पानांना डिझेलचे डाग. पाचशे प्रतींत न्यायाधीशांची सोडली तर खरोखर वाचलेली प्रत तेवढी एकच असावी.

"तुमचं पुस्तक मी दोनदा वाचलं, वकीलसाब."

काय करता, स्वभाव! एवढ्या संकटातही वकिलांनी विचारलंच, "कसं वाटलं?"

"सूत्र नऊ लई आवडलं." तिनं पान काढलं आणि बोट ठेवून वाचलं. "'पक्षकाराने अक्षर न् अक्षर स्वतः वाचल्याशिवाय कशावरही सही करू नये. वाचून दाखवला, समजला, या तीन शब्दांनी किती घरं गेली.' खरं हाय. आमचं बी दुकान चाललं व्हतं."

"पण भाभी, वाचायला येईपर्यंत..."

"बाराखडी ह्या महिन्यात व्हईल. पर तुमच्या कागदात जोडाक्षरं लई हायेत. दिवाळी तरी व्हईल."

शेजूळ वकिलांनी सलीमकडं बघितलं. तीस वर्षांत त्यांनी किती साक्षीदार बघितले असतील, पण असं शांत तोंड बघितलं नव्हतं. त्यांना रडू यायचंच बाकी होतं. "सलीमभाई, चुकलो. माफ कर."

"माफ केलं तवाच, वकीलसाब. ही बोलायला लागली त्या दिवशी," सलीम म्हणाला. मग गौसियाच्या हातातलं पुस्तक घेतलं, वरचं कव्हर समोर धरलं आणि काळं बोट एकेका अक्षराखालून सरकवायला लागला. "रा... धा... कि... श... न." वर बघितलं. "घ च्या पुढं अजून गेलो न्हाई, पर एवढं एक हिच्याकडून आधी शिकून घेतलं. सकाळी टपरीवर रोज वाचून दाखवतो सगळ्यांना. तुमी माझं नाव घेतलं न्हाई. मी तुमचं घेतो."

शेजूळ वकील कागद स्टुलावर ठेवून निघाले. घरी येऊन त्यांनी न्यायाधीशांना फोन लावला आणि रविवारचा कार्यक्रम पुढं ढकलल्याचं कळवलं.

"कधीपर्यंत?" न्यायाधीशांनी विचारलं. "संमती मिळाली नाही का? काय म्हणतो तो माणूस?"

शेजूळ वकिलांनी तोंड उघडलं. सांगायला किती तरी होतं. शटरवरची बाराखडी, पितळी नळी, बायको, टपरी. त्यांनी तोंड मिटलं.

"ते सांगता येणार नाही, साहेब," ते म्हणाले. "पक्षकाराची खासगी गोष्ट आहे."